तीन झाडांचे ठिपके आणि शेजारच्या काकूंचा तगादा

वाचकाचा प्रश्न : परभणी शहरात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचं हे पत्र. त्यांच्या अंगणात सासऱ्यांनी लावलेला केसर आंबा, एक कागदी लिंबू आणि फाटकापाशी देशी बदाम अशी तीन झाडं आहेत. श्रावणात आंब्याच्या पानांवर तपकिरी-काळे ठिपके दिसू लागले. दिवाळीपर्यंत लिंबाच्या पानांवर आणि फळांवर खरखरीत डाग आले. आता डिसेंबरात बदामाची पानं लालभडक होऊन अंगणभर गळताहेत. पुण्यातल्या मुलानं आंब्याच्या पानाचा फोटो मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये टाकला, तर 'करपा' असं उत्तर आलं. ताई रोज संध्याकाळी पाइपनं झाडं धुतात, खोडांना गेरू-चुनाही लावून झालाय. दुकानदारानं बुरशीनाशकाचा पुडा, कीटकनाशकाची बाटली आणि एक टॉनिक हातात ठेवलंय. शेजारच्या काकूंचा तगादा वेगळाच : 'तुमच्या आंब्याचा रोग आमच्या लिंबाला लागला, झाड काढून टाका.' ताई विचारतात, तिन्ही औषधं एकत्र करून फवारू, की आंबा तोडूनच टाकू?

उत्तर :

ताई, नमस्कार. तो पुडा आणि त्या बाटल्या सध्या नातवंडांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवून द्या. आंबा तोडायचा विषय तर आजच बंद करा. तसंही शहरात राहता म्हणून सांगतो, 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. काकूंना सांगायला एवढं कारणसुद्धा पुरे. पण खरं कारण दुसरं आहे : आंब्यानं तोडण्यासारखं काही केलेलंच नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली आहे. आधी आंबा, मग लिंबू, मग बदाम असा क्रम लागल्यामुळं तुम्हाला वाटतंय की एकच रोग एका झाडावरून दुसऱ्यावर सरकत चाललाय. अ‍ॅपनं आंब्याला दिलेलं नाव तुम्ही तिन्ही झाडांना लावलंत. मला मात्र तुमच्या वर्णनात तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात, आणि त्यातली एक तर रोगच नाही.

बदामाचं आधी उरकून टाकू. देशी बदाम थंडी पडली की पानं लाल करतो आणि झाडून टाकतो, हा त्याचा दरवर्षीचा धर्म. अख्खं पान एकसारखं लाल-तांबूस होतं, गुळगुळीत राहतं आणि देठासकट पडतं. फांद्या बोडक्या दिसल्या तरी थोड्याच आठवड्यांत टोकांना हिरवे कोंब येतात. फाटकापाशी झाडायला लागतं हा त्रास आहे खरा, पण त्यावर औषध खराट्याचंच.

आता आंबा. एक डागाळलेलं पान तोडून सकाळच्या उन्हाकडं धरा. वेडेवाकडे तपकिरी डाग, कडा जास्त काळपट, दोन-तीन डाग एकमेकांत मिसळलेले, काही ठिकाणी मधला मेलेला भाग गळून भोक पडलेलं. असं दिसलं तर अ‍ॅप बरोबर आहे, तो करपाच. त्याची बुरशी कोलेटोट्रायकम. ती कोवळ्या पालवीवर बसते, तापमान पंचविशीच्या आसपास असलं आणि पान बराच वेळ ओलं राहिलं की फोफावते. श्रावणातल्या झडीत आपल्याकडं नेमकी हीच हवा असते. पण उन्हाकडं धरून झालं की तेच पान उलटसुलट करून ओल्या अंगठ्यानं चोळून बघा. काळं पुसून अंगठ्याला लागलं तर ती काजळी आहे. तुडतुड्यांनी सोडलेल्या चिकट गोड द्रवावर ती वाढते, तिथं बंदोबस्त तुडतुड्यांचा करायचा. डागाच्या जागी बारीक पुळीसारखी गाठ हाताला लागली तर ते मिजमाशीचं काम. आणि वीटकरी रंगाचा, मखमलीसारखा किंचित उंच ठिपका असेल तर तो लाल तांबेरा. नावात तांबेरा असला तरी ते शेवाळ आहे, सेफॅल्युरॉस नावाचं, आणि दाट सावलीतल्या, हवा न खेळणाऱ्या फांद्यांवर ते जास्त दिसतं. फोटोला यातलं काहीच चोळून बघता येत नाही, म्हणून अ‍ॅपचं उत्तर पहिला अंदाज म्हणून घ्यावं आणि पुढचं काम बोटांवर सोपवावं.

समजा करपाच निघाला. तरी मला तुमच्या घाबरण्याचं कारण कळत नाही. जी पानं डागाळली ती पावसाळ्यात कोवळी होती, आता ती जून झाली आहेत. डाग पडलेलं पान कुठल्याही औषधानं पुन्हा हिरवं होत नाही. बुरशीनाशक पुढच्या पानाला वाचवतं, मागच्याला बरं करत नाही. अंगणातल्या वाढलेल्या आंब्यानं हंगामाच्या शेवटी काही पानं टाकली तर त्याचं फारसं बिघडत नाही. अजूनही शेंडे हिरवे आहेत का, फांद्या टोकाकडून वाळत तर नाहीत ना, एवढं बघा. शेंडे जिवंत असतील तर झाड सुखरूप आहे.

काळजी करायची ती येणाऱ्या मोहोराची. हीच बुरशी जानेवारी-फेब्रुवारीत मोहोरावर उतरते. धुई पडली, दव रेंगाळलं, मध्येच ढगाळ होऊन शिंतोडे आले की मोहोर काळा पडून झडतो. कैरीवर ती नुसती दबा धरून बसते, आणि आंबे अढीत घातल्यावर सालीवर काळे डाग उठतात. मागच्या मे महिन्यात तुमचे केसर अढीत असे डागाळले होते का? होय असेल तर रोग यंदाचा नव्हे, जुनाच मुक्काम आहे.

तो मुक्काम कुठं असतो तर झाडावरच्या वाळक्या काटक्यांत, लटकून सुकलेल्या फळांत आणि खाली पडलेल्या पाचोळ्यात. पाऊस पडला की थेंबांबरोबर तिथूनच बुरशीचे बीजाणू वर उडतात. म्हणून मोहोर फुटायच्या आधी, म्हणजे या पंधरवड्यातच, शिडी लावून वाळक्या काटक्या आणि सुकलेली फळं तेवढी काढून टाका. हिरव्या फांदीला हात लावू नका, आता छाटली तर मोहोरच जाईल. आतल्या दाटीची छाटणी आंबे उतरवल्यावर जूनमध्ये. खालचा पाचोळा गोळा करून कोपऱ्यात दोन फूट खड्ड्यात घाला आणि वरून माती लोटा. पेटवू नका. घरच्या कंपोस्टच्या डब्यातही नको, तो बुरशी मरण्याइतका तापत नाही. एवढ्यानं निम्मी लढाई होते, आणि पैसा एक लागत नाही. दुकानदार हे सांगणार नाही, कारण पाचोळा उचलण्याची बाटली मिळत नाही.

दुसरी गोष्ट तुम्हाला जरा लागेल. रोज संध्याकाळी पाइपनं पानं धुणं थांबवा. धूळ बसते म्हणून तुम्ही मायेनं धुता हे मला कळतं. पण संध्याकाळी भिजलेलं पान थंडीच्या दिवसांत सकाळी ऊन चढेपर्यंत ओलंच राहतं. बुरशीला रुजायला ओलं पान आणि वेळ या दोनच गोष्टी हव्या असतात, आणि त्या दोन्ही तुम्ही रोज नेमानं पुरवता. पाणी सकाळी द्या, बुंध्यापासून जरा दूर, फांद्यांच्या घेराखाली आळं करून द्या. पाणी बोअरचं असेल तर अजून एक भानगड : मराठवाड्यातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड. ते पानावर वाळलं की पांढरट थर राहतो, आणि क्षार मुळाशी साठत गेले की पानांच्या कडा-टोकं करपल्यासारखी होतात. ते भाजणं टोकाकडून आत येतं, ठिपक्यांसारखं पानभर विखुरलेलं नसतं. मे महिन्यात 42-43 अंशांच्या उन्हानंही कडा अशाच जळतात. या दोन्हींवर बुरशीनाशक मारून काहीच होणार नाही.

गेरू-चुन्याबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. खोडाला तो छान दिसतो, कडक उन्हात सालीला आधारही होतो. पानावरच्या रोगाशी त्याचा संबंध नाही.

लिंबाकडं वळू, कारण काकूंचं भांडण खरं तर तिथं आहे. तांदळाच्या दाण्याएवढे डाग, उंचवटा आलेले, बोट फिरवलं की खरखरीत लागणारे, मध्ये खड्डा आणि भोवती पिवळं वलय, पानाच्या दोन्ही बाजूंना, फळावर आणि कोवळ्या काडीवरही. हा खैऱ्या. तो बुरशीमुळं होतच नाही, झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळं होतो. कागदी लिंबू त्याला फार लवकर बळी पडतं. पानावर नागमोडी चंदेरी रेघा दिसत असतील तर नागअळीनं आधी पान पोखरलंय आणि त्या जखमांतून जिवाणू आत शिरलाय असं समजा.

म्हणजे तुमच्या आंब्याचा रोग काकूंच्या लिंबाला लागला, हे होऊ शकत नाही. आंब्याचा करपा खैऱ्या होत नाही. पण काकूंना अगदी खोटं पाडू नका, कारण तुमच्या लिंबाचा खैऱ्या त्यांच्या लिंबावर जाऊ शकतो. पावसाचे थेंब आणि वारा मिळून जिवाणूला भिंतीपलीकडं नेतात, आणि तो मोसंबी-संत्र्यालाही धरतो. अर्थात त्यांच्याकडून तुमच्याकडं आला असण्याचीही तेवढीच शक्यता आहे, हे कुणी सिद्ध करत बसू नये. करप्याबाबतही एक सांगायला हवं : पानावरचे बहुतेक रोग आपापलं झाड धरून असतात, पण कोलेटोट्रायकम कुळाची बुरशी बहुघरची आहे, पपई, पेरू, डाळिंब यांच्यावरही ती भेटते. काकूंकडं पपई असेल तर तिच्या फळांवरही नजर असू द्या.

खैऱ्याला हात घालायला कोरडी थंडी हाच चांगला काळ, पावसात छाटलं तर रोग कात्रीनं पसरतो. डागाळलेल्या काड्या डागाच्या खाली चार बोटं सोडून निरोगी भागात कापा, प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसा. कापलेलं सगळं त्याच खड्ड्यात. हे काम काकूंनीही त्यांच्याकडं त्याच दिवशी केलं तरच उपयोग, नाहीतर जूनच्या पहिल्या वळवात पुन्हा तेच. एका सकाळी दोन्ही अंगणांत एकच कात्री फिरवा, स्पिरिटची बाटली तुमची, चहा त्यांचा. आणि डाग पडलेली लिंबं फेकू नका. खैऱ्या सालीवरच असतो, रस चांगला असतो. सरबताला चालतात, बाजारात भाव मिळत नाही एवढंच.

आता औषधांचं. कीटकनाशक बुरशीवर आणि जिवाणूवर काहीच करत नाही, उलट मोहोरावर येणाऱ्या मधमाश्या आणि माश्या मारेल. फळधारणा त्यांच्यावरच आहे. टॉनिकनं ठिपका जात नाही. तिन्ही एका पंपात कालवणं तर नकोच, काही औषधं एकत्र आली की फुटतात किंवा पानं जाळतात. खैऱ्यासाठी कुणी प्रतिजैविक सुचवलं तर ते अंगणातल्या एका झाडासाठी घेऊ नये असं माझं मत आहे. जिवाणूंना अशा औषधांची सवय लावायची आणि मग ती माणसालाही लागू पडेनाशी होण्याची वाट बघायची, एवढं ते लिंबू महाग नाही.

पुड्यावर मॅन्कोझेब 75 टक्के लिहिलं असेल तर आंब्याच्या करप्यावर ते चालतं, लिटरला 2 ते 2.5 ग्रॅम. पण मी तुम्हाला तांब्याच्या औषधाकडं वळवीन, कारण तांबं बुरशीलाही लागू पडतं, जिवाणूलाही आणि लाल तांबेऱ्याच्या शेवाळालाही. सोपा मार्ग कॉपर ऑक्सिक्लोराइड 50 टक्के, 10 लिटरला 25 ते 30 ग्रॅम. घरी करायचं असेल तर बोर्डो मिश्रण. हे फ्रान्समधल्या बोर्डो भागातलं. तिथले बागायतदार रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना मारत, हेतू एवढाच की ते विद्रूप निळं दिसून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत. त्या वेलींना केवडा हा बुरशीसारखा रोग झाला नाही हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि 1885 मध्ये त्यानं ते जगापुढं मांडलं. चोरांच्या धाकानं सापडलेलं औषध!

अंगणापुरतं 10 लिटर असं होतं. प्लास्टिकच्या बादलीत 5 लिटर पाणी, त्यात 100 ग्रॅम मोरचूद कुटून फडक्यात बांधून रात्रभर लोंबकळत ठेवा. दुसऱ्या प्लास्टिकच्या बादलीत 100 ग्रॅम ताजा कळीचा चुना थोड्या पाण्यात फोडा, थंड झाल्यावर पाणी घालून 5 लिटर करा आणि गाळा. मग तिसऱ्या भांड्यात दोन्ही एकाच वेळी ओतत लाकडी काठीनं ढवळा. आकाशी निळा रंग येतो. लोखंडी बादली अजिबात नको, आणि स्वयंपाकातलं भांडं तर नकोच नको. शेवटी घासून चकचकीत केलेला खिळा किंवा विळ्याचं पातं मिनिटभर त्यात बुडवा. बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस थर दिसला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, पानं जळतील. चुन्याची निवळी थोडी-थोडी घालत पुन्हा तपासा, पातं स्वच्छ निघेपर्यंत. केलेलं त्याच दिवशी संपवा, उरलं तर दुसऱ्या दिवशी त्यात जोर राहत नाही.

कधी मारायचं? आंब्यावर आता काटक्या आणि पाचोळा काढून झाल्यावर एकदा, मोहोराचे डोळे फुगायच्या आत. मोहोर फुलल्यावर तांबं नको. मागच्या वर्षी मोहोर काळा पडला असेल आणि यंदाही धुई रेंगाळली, तर मोहोर उमलण्यापूर्वी काय मारायचं ते कृषी विद्यापीठात विचारून ठरवा. हवा कोरडी राहिली तर काहीच मारू नका. लिंबावर छाटणीनंतर एकदा, मग पुढच्या पावसाळ्यात नवी पालवी येताना. फवारणी सकाळी, वारा पडलेला असताना, पानाच्या खालच्या बाजूलाही. तोंडाला फडकं, हातात मोजे, पाण्याचा हौद झाकलेला, तुळस आणि पालेभाजीच्या वाफ्यावर कापड. पुड्यावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत त्या झाडाचं फळ खाऊ नये.

अशीच पत्रं आणखी आली आहेत, म्हणून थोडक्यात. पेरूवर वीटकरी मखमली ठिपके असतील तर तोच लाल तांबेरा, आधी फांद्या विरळ करा. दारच्या करंजाच्या पानांवर फोडच फोड असतील तर ती कोळी म्हणतात त्या अतिसूक्ष्म किडीची (जाळं विणणाऱ्या कोळ्याची नव्हे) करणी आहे, दिसायला भयंकर, झाडाला त्याचं काही नाही, सोडून द्या. गुलाबाच्या पानावर झालर असलेले काळे डाग आणि पान पिवळं होऊन गळतंय, तर तोडलेली पानं कुंडीत पडू देऊ नका आणि पाणी मातीतच घाला. लिंबाची किंवा मोसंबीची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हा आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीतला लोहाचा तुटवडा, रोग नव्हे. एका डाळिंबवाल्या दादांना मात्र घाई करायला सांगीन : पानावर तेलकट, पाणथळ काळे डाग आणि फळाला तडे म्हणजे तेल्या. त्यासाठी सदराच्या उत्तराची वाट बघू नका, आजच आपल्या जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात जा.

ताई, तुम्हाला तर परभणीतच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या वनस्पती रोगशास्त्र विभागात पानं दाखवून खात्री करून घ्या. नेताना एक-दोन पूर्ण वाळलेली पानं नेऊन भागत नाही. नुकते ठिपके उमटलेली, अर्धी डागाळलेली आणि एक-दोन निरोगी अशी पानं काडीसकट सकाळी तोडा. प्लास्टिकच्या पिशवीत ती घामेजून दुसऱ्याच बुरश्या उगवतात, म्हणून कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा. आंबा आणि लिंबू वेगवेगळ्या पुडक्यांत, प्रत्येकावर झाडाचं नाव, ठिपके पहिल्यांदा कधी दिसले आणि आतापर्यंत काय-काय मारलं ते लिहा. काकूंच्या लिंबाचंही एक पुडकं सोबत न्या, जाताना त्यांनाच बरोबर घेतलंत तर अजून बरं.